कोलशेतची गाडी विठ्ठलवाडीला

चहा घेताय ना? घ्या, घ्या. कारण आता जो गाढवपणा सांगणार आहे, तो माझ्या बायकोच्या तोंडून ऐकलात तर माझी उरलीसुरली अब्रूही जाईल. त्यापेक्षा मीच सांगतो.

आमच्या सईला बंगळुरूला नोकरी लागली. ऑफिस घरापासून लांब, म्हणून आमची जुनी लाल गाडी तिला द्यायची ठरली. आता डोंबिवलीहून तिथवर चालवत कोण नेणार? मी? माझी कंबर पनवेललाच बोंबलते! तेव्हा ट्रान्सपोर्टवाला गाठला. भोईर नावाचा माणूस, कोलशेतला यार्ड. फोनवर एकदम गोड.

"साहेब, गाडी पूर्ण रिकामी करून द्या. पेट्रोल थोडंच ठेवा. आमचा ड्रायव्हर येईल, फोटो काढेल, चावी घेईल. बास!"

चावी घेईल! अहो, जी गाडी मी सख्ख्या मेव्हण्याला कधी दिली नाही, तिची चावी कोण कुठल्या माणसाच्या हातात? त्यात शेजारचे कदम म्हणाले, "ही लोकं ट्रकवर चढवायच्या आधी गाडी गावभर फिरवतात." कदमांकडे स्वतःची सायकलसुद्धा नाही, पण माहिती सगळी.

मग मी डोकं चालवलं. तिथेच चुकलं. बाजारातून एक बटणाएवढं यंत्र आणलं. ते जिथे असेल तिथला ठिपका मोबाइलच्या नकाशावर दिसतो. डॅशबोर्डवर आमचा छोटा गणपती होता, त्याच्या बैठकीखाली ते गुपचूप चिकटवलं. बाप्पाला कोण हात लावणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रायव्हर आला. गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढले, एकेक ओरखडा लिहून घेतला. मागचा पोचा कोणी पाडला यावर माझं आणि बायकोचं जरा वाजलं. मी सही केली, गाडी गेली.

तेवढ्यात आई चप्पल घालत म्हणाली, "अरे, आज दोन ठिकाणी भजन आहे, मी निघतेय. आणि ऐक, त्या गाडीतला..."

"हो हो, जा तू, सावकाश ये," मी म्हटलं. माझं सगळं लक्ष मोबाइलमध्ये.

तासाभरानं बघतो तर ठिपका विठ्ठलवाडीला! कोलशेतला निघालेली गाडी चक्क उलट्या दिशेला! लावला फोन.

"भोईर, गाडी कुठेय माझी?"

"यार्डात, साहेब. आत्ताच आलीय."

"खोटं बोलू नका! विठ्ठलवाडीत काय करतेय ती?"

"विठ्ठलवाडीत? ओ साहेब, मी तिच्या बोनेटवर हात ठेवून उभा आहे!"

बिचाऱ्यानं दुपारी व्हिडिओ पाठवला. गाडी ट्रकवर चढलेली, चाकं पट्ट्यांनी बांधलेली. मी म्हटलं, जुना व्हिडिओ! आता ती गाडी जन्मात पहिल्यांदा ट्रकवर चढत होती, तर व्हिडिओ जुना कसा असेल? पण तेव्हा हे सुचेल तर ना!

ठिपका एकाच गल्लीत बसून. कदम हळूच म्हणाले, "पार्ट काढत असतील." पुढच्या आठवड्यात पोरगी रुजू होणार. तिला काय सांगू? बाबांनी स्वतः सही करून गाडी चोराला दिली?

मग ठिपका हलला. ठाण्याकडे निघाला. आणि कसा? सरळ रेल्वेच्या रुळांवरून! कुठलाही शहाणा माणूस इथे थांबला असता. मी म्हटलं, "कदम, नकाशा जरा तिरका दाखवतोय."

ठिपका टेंभी नाक्यावर थांबला. कदमांना घेऊन मी तसाच निघालो. वाटेतून भोईरला फोन. "टेंभी नाक्यावर या! ज्याच्याकडे मी गाडीत लपवलेलं यंत्र सापडेल, त्या चोराला तुमच्यासमोर पोलिसांत देतो की नाही बघा!"

आला हो बिचारा, मोटारसायकलवरून, घामाघूम. ठिपका एका जुन्या इमारतीवर होता. खाली गाडी नाही, गॅरेज नाही. पहिल्या मजल्यावर एक हॉल. भोईरनं वर पाहिलं आणि विचारलं, "साहेब, गाडी जिन्यानं नेली का?"

मी त्याच्याकडे दुर्लक्ष करून वर गेलो. आत पंचवीस-तीस बायका भजनाला बसलेल्या, टाळ-पेटी जोरात. यंत्राला आवाज करायला लावायचं एक बटण मोबाइलवर असतं. मी ते दाबलं.

पीं पीं पीं पीं!

टाळ थांबले. सगळ्याजणी आपापल्या पर्स चाचपायला लागल्या. तिसऱ्या ओळीतल्या हिरव्या साडीतल्या बाईंनी पर्स उघडली आणि आतून शिट्या मारणारा गणपती बाहेर काढला. त्या बाई म्हणजे माझी आई.

"अगं आई, हा तुझ्याकडे कसा?"

"मग काय देवाला ट्रकवर बांधून पाठवू? गाडी रिकामी करून द्या म्हणाला ना तो माणूस? देव्हाऱ्यात ठेवावा, तर तिथे आपला गणपती आहेच. एका देव्हाऱ्यात दोन चालतात का? म्हणून घेतला पर्समध्ये. सकाळी तेच सांगत होते, तू ऐकतोस कुठे!"

कदम केव्हाच जिना उतरले होते. भोईरनं दारातूनच बाप्पाला हात जोडले. मग माझ्याकडे वळून अगदी अदबीनं म्हणाला,

"साहेब, चोर सापडला. पोलीस बोलावू?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली, मनापासून मागितली. आईनं त्याला बसवून प्रसादाचे दोन पेढे दिले. मला एकही नाही.

गाडी पाचव्या दिवशी बंगळुरूला पोचली. सईचा फोन आला, मी मोठ्या हौसेनं स्पीकरवर टाकला.

"बाबा, गाडी आली! एकही नवा ओरखडा नाही. पण डॅशबोर्डवरचा बाप्पा गायब आहे! त्या ट्रान्सपोर्टवाल्यानंच ढापला असणार. नंबर द्या त्याचा, बघतेच त्याला!"

स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "बापावर गेली हो पोरगी, बापावर!"