कागद नसलेले बारा ब्लॉक

खेळण्यातल्या विमानाचे एकेचाळीस ब्लॉक कमी आहेत, असं वडिलांनी मला सकाळच्या चहाला सांगितलं. मोजणी त्यांनी आदल्या दिवशी संपवली होती. तो संच माझ्या मुलीच्या लहानपणचा. वीस वर्षं माळ्यावरच्या खोक्यात पडून होता. वडिलांना गुंतवून ठेवायला दुसरं काही हाताशी नव्हतं, म्हणून मी तो खाली काढला.

वडील ओझरच्या विमान कारखान्यात तपासणी विभागात होते. निवृत्त होऊन वीसेक वर्षं झाली. आई गेल्यावर मी त्यांना गंगापूर रोडला माझ्याकडे आणलं आणि वर्षभरात त्यांच्या विसरण्याला डॉक्टरांनी आजाराचं नाव दिलं. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, खाली माझं झेरॉक्सचं दुकान. नवरा नोकरीसाठी सकाळी सिन्नरला जातो तो संध्याकाळी येतो. म्हणजे दहा ते एक, कॉलेजच्या पोरांची गर्दी असते त्या वेळात, वडील घरात एकटे.

त्या वेळात ते बूट घालून, डब्याची पिशवी घेऊन कारखान्याची बस पकडायला निघायचे. पहिल्यांदा कोपऱ्यावरच सापडले. दुसऱ्यांदा पार सोमेश्वरच्या पुढे गेले होते. एका भाजीवाल्या बाईने त्यांच्या खिशातल्या कार्डावरचा नंबर लावला. कार्ड मीच लॅमिनेट करून ठेवलं होतं. मी गेले तेव्हा ते रस्त्याच्या कडेला दगडावर बसले होते. पिशवीत डबा नव्हताच. मला म्हणाले, "बस आज उशिरा आहे."

डॉक्टर म्हणाले, हाताला काम द्या आणि तुम्ही नसाल तेव्हा दाराला बाहेरून कुलूप लावा. शेजारणीचंही तेच म्हणणं. मी कुलूप आणलं आणि ड्रॉवरमध्ये टाकलं. या माणसाने मला सातच्या आत घरात यायला लावलं म्हणून मी कॉलेजची दोन वर्षं त्यांच्याशी भांडत होते. आता त्यांनाच कोंडायला माझा हात होईना. काम मिळालं तर कुलूप टळेल, एवढा माझा हिशेब होता.

आणि तो काही दिवस जमला. संचाबरोबरच्या पुस्तकात शेवटच्या पानांवर प्रत्येक ब्लॉकचं चित्र, नंबर आणि नग दिलेले होते. वडिलांनी ती पानं पाहिली आणि खुर्ची टेबलाजवळ ओढली. घरातल्या स्टीलच्या सगळ्या वाट्या त्यांनी घेतल्या. आम्ही तेव्हापासून आमटी बशीत घ्यायला लागलो. पण बूट दाराशी जागचे हलले नाहीत.

एकेचाळीस कमी निघाल्यावर मी म्हटलं, जेवढे आहेत तेवढ्यांनी सुरुवात करा. त्यांनी माझ्याकडे नव्या शिकाऊ पोराकडे बघावं तसं बघितलं. शॉर्टेज असताना असेंब्लीला हात लावायचा नाही, म्हणाले. त्यांना आज कोणता वार आहे ते सांगता येत नव्हतं, पण हे सांगता येत होतं.

मग मी ब्लॉक शोधायला लागले. मला वाटायचं, अशी खेळणी खोक्यानेच मिळतात. तसं नसतं. ती बनवणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवर एकेक ब्लॉक नंबर टाकून घेता येतो. आपल्याकडे मात्र ते सुटे ब्लॉक पाठवत नव्हते. मुलगी जर्मनीत आहे, तिच्या पत्त्यावर मागवले. एकेचाळीसपैकी एकोणतीस मिळाले. उरलेले बारा कंपनीने बनवणंच बंद केलं होतं. त्यातला राखाडी रंगच आता नव्हता.

ओळखीच्या कुणाच्या तरी सामानातून ते एकोणतीस यायला पाच आठवडे लागले. वडील रोज विचारायचे, माल आला का? मी ऑर्डरचा कागद छापून टेबलावर ठेवला होता, तो वाचून त्यांचं समाधान व्हायचं. खरेदी विभाग वेळ लावतोच, याची त्यांना सवय होती.

पाकिटं आली ती बंद, प्रत्येकावर नंबर छापलेला. वडिलांनी नंबर यादीशी ताडून एकेक फोडलं. नवे पांढरे ब्लॉक शुभ्र होते आणि आमचे जुने पांढरे लोण्यासारखे पिवळट झाले होते. शेजारी ठेवल्यावर ते डोळ्यांत भरायचं. वडिलांनी वहीत लिहिलं, रंगात फरक, चालेल.

राहिले बारा. ते नाशिकरोडला एका बाईकडे मिळतील, असं मला इंटरनेटवरच कळलं. ती तिशीची, दोन खोल्यांचं घर. रद्दीवाल्यांकडून आणि बदली होऊन गाव सोडणाऱ्या लोकांकडून जुने संच उचलायची, धुऊन सुटे करून विकायची. बाल्कनीत कपड्यांच्या दोरीवर जाळीच्या पिशव्या वाळत होत्या, आत ब्लॉक. घरभर लोणच्याच्या बरण्या, रंगांप्रमाणे लावलेल्या.

मी यादी पुढे केली. तिने चष्मा लावून वाचली.

"काकू, हा जुना राखाडी. हा आता सोन्याच्या भावाने जातो म्हणायला हरकत नाही. कुणासाठी घेताय? नातवासाठी?"

"वडिलांसाठी."

"वडिलांचं वय?"

"एक्याऐंशी."

"मग बरोबर," ती म्हणाली. "माझी गिऱ्हाइकं एकतर आठ वर्षांची नाहीतर साठीच्या पुढची. मधले सगळे कामात."

तिने एका बरणीतून ब्लॉक निवडले. नव्याचा आणि जुन्याचा रंग जुळत नाही म्हणून लोक उलट तिच्याकडे मुद्दाम पिवळट पडलेले मागतात, असं सांगितलं. प्रत्येक नगाला एक जादा दिला, एखादा सैल निघाला तर असावा म्हणून. सगळे चोवीस एका साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वर रबर लावलं.

ती पिशवी वडिलांनी हातात घेतली, उलटी केली, परत सुलटी केली.

"याचा कागद कुठे आहे?"

कागद नाही म्हटल्यावर त्यांनी पिशवी टेबलाच्या माझ्या बाजूला सरकवली. कारखान्यात प्रत्येक भागाबरोबर एक चिठ्ठी असायची: कुठून आला, कुणी तपासला, कुणाची सही. चिठ्ठी नसलेला भाग विमानाला लागत नाही. मला हे लहानपणापासून माहीत होतं. तरी मी म्हणून गेले, "बाबा, हे खेळणं आहे."

दुसऱ्या दिवशी साडेअकराला दुकानात फोन आला. पेट्रोल पंपावरचा माणूस म्हणत होता, एक आजोबा आले आहेत आणि बस विचारताहेत.

त्यांना आणून बसवलं आणि मी दुकानात जाऊन चिठ्ठी तयार केली. अवघड काहीच नव्हतं. आमच्याकडे दिवसभर लोकांचे दाखलेच निघत असतात. पिवळा कागद घेतला, रकाने आखले, नंबर, नग, 'तपासून योग्य' असा शिक्का संगणकावर बनवला आणि खाली कुणा साहेबाची वाटेल अशी लफ्फेदार सही ठोकली. अशा बारा चिठ्ठ्या. माझ्या मनाला तेव्हा काही टोचलं नाही, हे खरंच सांगते. आजारी माणसाला गोळी गुळात घालून देतात तसं मी ते धरलं होतं.

वडिलांनी पहिली चिठ्ठी वाचली. रकाने वाचले, शिक्का बघितला, मग सही डोळ्यांजवळ नेली. दुसरी घेतली. तिसरी. मग चष्मा काढून ठेवला.

"ही तू केलीस."

त्यांनी सहीवर बोट ठेवलं.

"शेवटचा फराटा तुझा आहे. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर माझी सही केली होतीस, तेव्हाही असाच ओढला होतास."

तो प्रकार आठवीतला. मी स्वतः विसरले होते.

"खोट्या सहीने माणसं मरतात, बाळ," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. त्यांनी बारा चिठ्ठ्या एकावर एक ठेवल्या, मधोमध फाडल्या आणि तुकडे माझ्या हातात दिले. त्या महिन्यांत त्यांनी माझ्याकडे इतकं नीट बघितलं ते तेव्हाच, आणि मला ते नको झालं.

दुपारी दुकान उघडलं नाही. चहा करून त्यांच्या समोर बसले आणि सरळ सांगितलं, की माल बाहेरून घेतला आहे, देणाऱ्या बाईकडे कागद नाही, कंपनी हे भाग आता बनवत नाही. बाहेरून असा माल आला तर तुम्ही काय करत होता?

त्यांनी थोडा विचार केला. "बाजूला ठेवायचा. तपासायचा. मग ठरवायचं."

"तपासणार कोण?"

"मी," ते म्हणाले. "माझा व्हर्नियर कुठे आहे?"

तो त्यांच्या ट्रंकेत तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला सापडला. एक ब्लॉक मापायला त्यांना अर्धा तास लागायचा. माप विसरायचे, परत घ्यायचे. कंपनीच्या पाकिटातला एक ब्लॉक नमुना म्हणून समोर ठेवला होता. प्रत्येक ब्लॉक त्यावर बसवून, काढून, कानाजवळ नेऊन परत बसवायचे. दहा दिवस हे चाललं. चोवीसपैकी पाच त्यांनी लाल दोरा बांधून वेगळे काढले.

मला ते पाच आणि बाकीचे एकोणीस यांत काही फरक दिसेना. नाशिकरोडला फोन करून सांगितलं तर ती बाई हसली. ब्लॉक परत कशाला आणता, म्हणाली, काकांचं समाधान होतंय ना, झालं तर. मी तरी नेले. तिने भिंग लावून बघितलं आणि हसायची थांबली. गोल उंचवट्यांवर कंपनीचं बारीक नाव असतं, ते त्या पाचांवर झिजलेलं वाटत होतं. खरं तर ते मुळात नव्हतंच. नकली होते, कुठल्या तरी खोक्यातून मिसळून आलेले. तिने निमूटपणे बदलून दिले आणि ती अख्खी बरणी जमिनीवर ओतली, बाकीचे बघायला.

"काकांना सांगा, बरोबर धरलं त्यांनी," एवढंच म्हणाली.

मी सांगितलं. त्यांना ते पाच ब्लॉक आठवत नव्हते.

शॉर्टेज मिटलं. आता ते विमान जोडतील असं मला वाटलं, पण त्यांनी वाट्या माझ्याकडे ढकलल्या. असेंब्लीचं खातं वेगळं, त्यांचं काम तपासणीचं. तेव्हा रात्रीच्या जेवणाआधी तासभर मी जोडायची आणि ते सकाळी पानापानाप्रमाणे तपासायचे. दोनदा मला पंख सुटा करून परत जोडावा लागला. शेपटीवर पिवळट पांढरे आणि शुभ्र पांढरे असे पट्टे आले. विमान पुरं झालं त्या दिवशी त्यांनी वहीत तारीख घातली, चुकीच्या वर्षाची, आणि सही केली.

चौथ्या दिवशी ते परत बाहेर गेले. या वेळी चौकात एका मोटरसायकलवाल्याने जोरात ब्रेक मारला म्हणून वाचले. कोपराला खरचटलं. कुणी ओळखीच्याने दुकानापर्यंत आणून सोडलं.

दुसरा संच मागवता आला असता. पण नवं काम येईपर्यंतचे दिवस होतेच, आणि आता त्यांना यादीतल्या ओळी सुटायला लागल्या होत्या. मी कुलूप ड्रॉवरमधून काढलं. गॅस सिलिंडरपाशीच बंद करायचा, एक किल्ली शेजारणीकडे द्यायची, हे ठरवलं. पण त्यांना न सांगता गुपचूप लावणं आता शक्य नव्हतं.

"बाबा, उद्यापासून मी दुकानात असताना दाराला बाहेरून कुलूप असेल."

"का?"

"तुम्ही बाहेर जाता आणि परत यायची वाट विसरता. काल गाडीखाली येत होता."

त्यांनी कोपराच्या पट्टीकडे बघितलं. "उघडणार किती वाजता?"

"एकला."

"लिहून दे," ते म्हणाले. "सही तुझी कर."

मी लिहिलं: दहा ते एक कुलूप, किल्ली शेजारी, एक वाजता मी स्वतः उघडीन. खाली माझी सही. त्यांनी ती चिठ्ठी बोट लावून वाचली आणि दाराच्या आतल्या बाजूला चिकटवायला सांगितली.

पहिल्या दिवशी दुकानात प्रोजेक्टच्या प्रतींची गर्दी झाली. वर जाऊन दार उघडलं तेव्हा ते बूट घालून दाराशी खुर्चीत बसले होते, हातात घड्याळ. कागदावर माझ्या सहीखाली पेन्सिलीने लिहिलं होतं, १.०८.

"आठ मिनिटं उशीर," ते म्हणाले. "कारण लिही."

मी भिंतीला कागद धरून कारण लिहिलं. त्यांनी ते वाचलं, वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या, आणि जेवायला काय आहे ते विचारलं.