सांबाराची जुडी आणि मेश्राम मॅडम

मेश्राम मॅडम गेल्याचा फोन आला तेव्हा मी वॉर्डात एका आजोबांची सलाईन बदलत होते. फोन वंदनाचा, माझ्या वर्गमैत्रिणीचा. तिने सांगितलं, आदल्या दिवशीही मॅडमनी अंथरुणातूनच शेजारच्या पेशंटची सूज बघून नर्सला हाक मारली होती आणि त्याच्या पाण्याचा हिशेब विचारला होता. आम्ही दोघी रडता रडता हसलो.

भंडाऱ्यातल्या आमच्या नर्सिंग शाळेत मॅडम शरीर कसं बिघडतं, हे शिकवायच्या. शहापूरहून एसटीने यायच्या, येतानाच बाजार करायच्या, त्यामुळे वर्गात टेबलाखाली कायम भाजीची पिशवी असे. माझे बाबा हातमागावर लुगडी विणायचे. घरातून शिकायला बाहेर पडलेली मी पहिलीच. पुस्तक सगळं इंग्रजीत. ‘पेशीची इजा’ हा धडा आला आणि माझा धीर सुटला. मी मॅडमना सांगून टाकलं, ‘‘मले नाही समजत. मी गावाले वापस जाऊन राहिली.’’ त्या रागावल्या नाहीत. चिखल्याला आमची गावभेट ठरली होती, तेवढी करून जा म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवीतून सांबाराची जुडी काढली. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. जुडी पार मान टाकलेली होती. अर्ध्या काड्या त्यांनी गार पाण्याच्या गिलासात उभ्या केल्या. उरलेल्या मेसमधल्या उकळत्या पाण्यात बुडवून आणायला लावल्या आणि त्याही दुसऱ्या गिलासात, गार पाण्यात ठेवल्या. मग हजेरी घेतली, पुढचं शिकवलं. तास संपत आला तेव्हा पहिल्या गिलासातला सांबार ताठ झाला होता, दुसऱ्यातला काळपट होऊन काठावर लोंबत होता.

‘‘हा सुकला होता, मेला नव्हता,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पेशीचंबी असंच. येळेवर पानी, हवा भेटली तं उठते. पर तिचा पडदा फाटला का मंग कितीबी पानी पाजा. आता सांगा, आपलं काम कोण्या गिलासात हाये?’’

वर्ग एका सुरात ‘पहिल्या’ म्हणाला. मॅडमनी ताजा झालेला सांबार पुन्हा पिशवीत टाकला. रात्रीच्या वरणात घालायचा होता. पुढच्या तासाला काकडीच्या चकत्यांवर मीठ घालून पाणी कसं बाहेर ओढलं जातं ते दाखवलं. ती काकडी आम्हीच खाल्ली.

चिखल्याला गेलो ते मे महिन्यात. घरोघरी फिरत असताना एका अंगणात गर्दी दिसली. खाणीत काम करणारा एक माणूस सुट्टीच्या दिवशी सकाळपासून स्वतःच्या घराची कवेलू, म्हणजे छपराची कौलं, फेरत होता. आता तो खाटेवर बसून ओकत होता, असंबद्ध बोलत होता, बायकोलाही ओळखत नव्हता. शेजारी म्हणत होते, पिऊन आला. बायको रडत सांगत होती, दारूला तो शिवतही नाही. जेवलासुद्धा नाही, नुसतं पाणीच पीत होता. कोणीतरी आणखी एक तांब्या त्याच्या तोंडाला लावायला निघालं. मॅडमनी तो हात धरला आणि माझ्याकडे पाहिलं.

‘‘सांग, काय झालं असन?’’

मला काकडी आठवली: जिकडे मीठ जास्त, तिकडे पाणी ओढलं जातं. घामातून मीठ गेलं, वर नुसतं पाणी गेलं, मग रक्त पातळ झालं असेल, आणि पाणी पेशींत शिरत असेल... डोक्यातल्या पेशींतसुद्धा. मी अडखळत सांगत गेले. मॅडमनी त्याला कुशीवर वळवलं, शुद्ध नीट नसताना तोंडात काही घालू नका म्हणून बजावलं आणि गाडी बोलावून त्याला दवाखान्यात हलवलं. रक्तातलं मीठ खरंच फार उतरलेलं निघालं. चार दिवसांनी आम्ही भेटायला गेलो तर तो पलंगावर बसून बायकोशी उरलेल्या छपरावरून वाद घालत होता. परतताना मॅडमनी एवढंच विचारलं, ‘‘मंग, आता बॅग कायले भरतेस?’’ मी भरली नाही.

आयुष्याच्या शेवटच्या वर्षी मॅडमची स्वतःची किडनी थकली. डायलिसिस, आणि पाणी मोजून. ‘‘जिंदगीभर तुमाले पानी शिकवलं, आता पानीच मले शिकवून राहिलं,’’ म्हणायच्या. बर्फाचा खडा गालात धरून गप्पा मारायच्या आणि तोही पाण्याच्या हिशेबात धरायच्या.

परवा शहापूरला त्यांच्या घरी जाऊन आले. दार काकांनी, मॅडमच्या यजमानांनी, उघडलं. काका एसटीतून निवृत्त झालेले, मुळातच कमी बोलणारे. मॅडमची एक सवय सगळ्या गोतावळ्यात ठाऊक होती: पाहुणा कोणीही असो, व्याही असो की सरपंच, चहाच्या आधी त्या लघवी नीट होते का ते विचारायच्या. काका लाजेने घराबाहेर जाऊन बसायचे. परवा त्यांनी मला पाणी आणून दिलं, समोरच्या खुर्चीवर बसले आणि खाली मान घालून हळूच म्हणाले, ‘‘उन्हाचे दिवस हायेत, बाई. लघवी बराबर होऊन राहिली ना?’’

मी हो म्हटलं. मग काका चहा ठेवायला उठले.