दारावरचं दूध

आमच्या इथे माणूस धड आहे की नाही हे दुधावरून ठरतं. म्हैसूरबाहेर, हिनकलच्या पुढे, हुणसूर रस्त्यापासून जरा आत, म्हाताऱ्यांसाठी बांधलेली आमची ही वसाहत आहे. बैठी घरं, प्रत्येकाला एक खोली, चहाकॉफीपुरता ओटा, न्हाणीघर आणि दाराबाहेर एक खुंटी. खुंटीला कापडी पिशवी. पहाटे दूधवाला त्यात पाकीट टाकून जातो आणि नाश्त्याच्या सुमाराला वॉचमन चक्कर मारतो. पिशवी रिकामी असली की पुढे जातो, पाकीट तसंच असलं की दार ठोठावतो. हा नियम कुणी भिंतीवर लावलेला नाही. पूर्वी एक गृहस्थ झोपेतच गेले आणि संध्याकाळपर्यंत कुणाला पत्ता नव्हता, तेव्हापासून तो सुरू झाला. मला आधी फार राग यायचा. जन्मभर पोरांची हजेरी घेतली आणि आता माझी हजेरी दुधाच्या पाकिटाने लावायची! पण आता मीही पहाटे उठून आधी दूध आत घेते, मग तोंड धुते.

मी इथे स्वखुशीने आले. लग्न केलं नाही. भाचे चांगले आहेत, पण त्यांच्या घरी राहून त्यांच्या बायकांच्या सांबाराला नावं ठेवत बसण्यापेक्षा इथल्या मेसच्या सांबाराला नावं ठेवलेली बरी, निदान कुणाला वाईट वाटत नाही. आम्ही म्हैसूरचे शिंपी. घरात विठ्ठल आणि शिलाईचं मशीन एकाच खोलीत. घरात मराठी बोलायचो, बाहेर कानडी, आणि भांडण झालं की दोन्ही.

माझ्या डाव्या हाताला अक्का राहायच्या. माझ्याहून वयाने मोठ्या, त्यांचे पूर्वज इथल्या राजाच्या घोडदळात होते म्हणे. मराठी माझ्यासारखंच, निम्मं कानडी. बाईने उभा जन्म एकत्र कुटुंबात काढला. आधी सासू, मग जावा, मग सुना. आपलं म्हणून एक दार, आतून कडी लावता येईल असं, तिला पंचाहत्तरीनंतर इथे मिळालं. पहिल्या दिवशी मला म्हणाल्या, "टीचर, काल दुपारी मी कडी लावून सुम्ने बसले. काही काम नाही, काही नाही. सुम्ने." एवढं बोलून लहान मुलीसारख्या हसल्या. भिंतींना त्यांनी पोपटी रंग लावून घेतला होता. मला तो बघवत नसे आणि मी तसं सांगितलंही. त्या म्हणाल्या, "तुला कुठं झोपायचंय इथं?"

समोर इंजिनियरसाहेब. साताऱ्याकडचे, वीजमंडळातून निवृत्त झालेले. मुलीच्या नोकरीपायी इकडे आले, मुलगी पुढे कॅनडाला गेली आणि हे इथेच राहिले. बायको आधीच गेलेली. त्यांचं मराठी एकदम इस्त्रीचं. आमचं ऐकून म्हणत, "टीचरबाई, तुमची भाषा काचेच्या कपाटात ठेवायला हवी." मी म्हणायची, "ठेवा की, पण धूळ तुम्ही पुसायची." माणूस भला. पाऊस असो, थंडी असो, उजाडताना फिरायला बाहेर पडायचे ते थेट हिनकलपर्यंत जाऊन यायचे. येताना अक्कांच्या पूजेला मोगरा आणायचे.

दुधाची भानगड इथेच सुरू झाली. अक्कांची पूजा लांबलचक. तोवर पाकीट बाहेर, आणि आमच्याकडे एक बोका आहे, त्याला पाकीट कसं फाडायचं ते बरोबर ठाऊक. म्हणून साहेब फिरून आले की आपल्याबरोबर अक्कांचंही पाकीट काढून स्वतःच्या फ्रिजमध्ये ठेवायचे आणि पूजा झाली की आणून द्यायचे. मॅनेजरला हे कळलं तेव्हा तो बिचारा कपाळाला हात लावून बसला. सगळ्यांना जेवणघरात बोलावून सांगितलं, दुसऱ्याचं दूध कुणी उचलायचं नाही, बोक्याने फाडलं तरी चालेल. साहेब सर्वांसमोर उभे राहिले, कान पकडले, "चुकलं, पुन्हा होणार नाही" म्हणाले. आणि खरंच थांबले.

मध्ये बरेच दिवस गेले. एका सकाळी अक्का नाश्त्याला दिसल्या नाहीत. त्यात नवल नव्हतं, पूजेमुळे त्या पुष्कळदा नाश्ता चुकवायच्या. पण दुपारच्या जेवणालाही आल्या नाहीत. त्या दिवशी मेसमध्ये बिशीबेळे भात होता. बिशीबेळे भाताला अक्का नाही म्हणजे काय? मी उठले आणि जाऊन त्यांच्या दाराशी उभी राहिले. पिशवी रिकामी. म्हटलं, दूध तर घेतलंय. तरी हाक मारली. आतून आवाज आला, पण तो दाराच्या उंचीवरून येत नव्हता, जमिनीवरून येत होता.

रात्री आतून कडी लावायची नाही, नुसतं कुलूप ओढायचं असा इथला नियम, म्हणून वॉचमनला बाहेरच्या किल्लीने दार उघडता आलं. अक्का न्हाणीच्या उंबऱ्यात पडल्या होत्या. पहाटे उठताना पाय सरकला, खुब्याचं हाड गेलं. पहाटेपासून दुपारपर्यंत बाई ओल्या फरशीवर. मला बघून म्हणाल्या, "अय्यो, तू जेवण सोडून आलीस?"

ॲम्ब्युलन्स निघून गेल्यावर मी साहेबांना सांगायला गेले. ऐकून ते मटकन खुर्चीत बसले. त्यांना पाणी द्यावं म्हणून मी त्यांचा फ्रिज उघडला. आत दुधाची दोन पाकिटं, दोन्हीवर त्याच दिवसाचा छाप.

"साहेब, ही दोन कशी?"

ते उठून आले, बघितली. "दोन? दूधवाल्याने चुकून जादा टाकलं असेल."

"अक्कांचं तर नाही ना उचललंत?"

"छे हो! ते मी तेव्हाच बंद केलं. शब्द दिलाय मी."

माणूस खोटं बोलत नव्हता. एवढी वर्षं पोरांची तोंडं बघितलीत, थाप मारणारं तोंड मला लांबून कळतं. त्यांना खरोखरच आठवत नव्हतं. हात जुन्या सवयीने चालले, डोक्याला खबर नाही. मग मागचं एकेक ध्यानात येऊ लागलं. एकच गोष्ट एका जेवणात दोनदा सांगणं, चष्मा साबणाच्या डब्यात सापडणं. आम्ही हसायचो. हसण्यासारखं काही नव्हतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. वसाहतीच्या उताराला एक वेगळी इमारत आहे, आम्ही तिला खालचं घर म्हणतो. ज्यांना एकटं ठेवता येत नाही त्यांना तिथे नेतात. नर्स असतात, स्वच्छता आमच्यापेक्षा जास्त. पण बाहेर लोखंडी जाळीचं फाटक आणि फाटकाला कुलूप. ज्याचं डोकं गेलं म्हणून नोंदलं गेलं, त्याने खाली जायचं. वर परत येणारा विरळाच.

ऑपरेशन झाल्यावर मी दवाखान्यात गेले. सगळं सांगून टाकायचं ठरवूनच गेले होते. माझा स्वभावच तसा, पोटात काही राहत नाही. मॅनेजर आणि अक्कांचा मुलगा तिथेच होते. मॅनेजर विचारत होता, "अम्मा, दूध कुणी घेतलं? दूध बाहेर असतं तर आम्ही सकाळीच दार ठोठावलं असतं."

अक्का म्हणाल्या, "मीच घेतलं."

"पण तुम्ही तर पहाटेच पडलात. आणि तुमच्या घरात दूध सापडलं नाही."

"घेतलं रे बाबा. कुठं ठेवलं आठवत नाही."

मॅनेजरने मुलाकडे बघितलं, मुलाने खाली बघितलं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात अक्का मराठीत म्हणाल्या, "टीचर, गप बस." मुलालाही आता फारसं मराठी येत नाही, मॅनेजर तर कानडीच.

ते दोघे बाहेर गेल्यावर मी भडकलेच. "हे काय चालवलंय? तुम्हाला वेड्यात काढतील!"

"मी आत पडल्या पडल्या साहेबांच्या चपलांचा आवाज ऐकला," अक्का म्हणाल्या. "हाक मारली. पण सकाळचं ते कानात मशीन घालत नाहीत. पाकीट काढलं आणि गेले. त्यांना माहीतच नाही ना ग?"

"नाही. आठवतच नाही त्यांना."

"तेच. हे कळलं तर त्यांना खाली टाकतील. तो माणूस चालतो म्हणून जिवंत आहे. कुलुपात घातलं तर जाळी धरून उभा राहील दिवसभर. मला तर महिना-दोन महिने खालीच काढायचेत, हाड जुळेपर्यंत. बसूनच राहायचं, इथं काय आणि तिथं काय."

"आणि नंतर? तुमची खोली?"

"येईन की परत. माझं डोकं शाबूत आहे, तपासतील तेव्हा त्यांना दिसेलच." मग माझं मनगट धरून म्हणाल्या, "तू शेजारी आहेस. त्यांचा गॅस बघत जा. आणि शप्पथ घे, बोलणार नाहीस."

मी शपथ घेतली. मनाविरुद्ध घेतली, पण घेतली. रोज चहाच्या निमित्ताने साहेबांकडे जाऊन गॅसचं बटण बघू लागले. त्यांना वाटायचं मला त्यांचा चहा आवडतो. त्यांचा चहा म्हणजे अय्यो, नुसतं साखरपाणी.

अक्का खाली राहिल्या. हाड छान जुळलं. वॉकर घेऊन लांबच्या लांब ओसरी चालून दाखवायच्या. डॉक्टर म्हणाले, पाय पास. मॅनेजरनेही कबूल केलं, नर्स आता डोक्याचं बघेल, ते ठीक असलं तर युगादीच्या सणाला तुम्ही तुमच्या खोलीत. अक्कांनी मला लगेच कामाला लावलं. खोली पुसून घे, तुळशीला पाणी घाल, देवांची चांदी घासून ठेव. मी म्हटलं, "रंग तेवढा बदलून घेऊ का?" म्हणाल्या, "हात तर लावून बघ."

साहेब त्यांना रोज भेटायला जायचे. मला हळूच म्हणायचे, "फार वाईट वाटतं हो. इतकी हुशार बाई, आणि आता काही लक्षात राहत नाही." मी दात आवळून बसायची.

नर्स तपासायला आली त्या सकाळी आम्ही दोघं तिथेच होतो. अक्का खुर्चीत, ठेवणीतली इरकली नेसून. साहेब शेजारच्या स्टुलावर, त्यांच्या हातात मोगऱ्याचा पुडा. नर्स साधी मुलगी, सरगूरकडची, कानडीत गोड बोलायची. मुलं किती, नातवंडांची नावं काय, आत्ता महिना कोणता, जिल्हा कोणता. अक्कांनी फटाफट उत्तरं दिली. वर तिलाच विचारलं, "तुझं लग्न कधी?" नर्स हसली. मनात म्हटलं, झालं, निघाली बाई वर.

"अज्जी, शेवटचं. आज वार कोणता?"

अक्कांनी तोंड उघडायच्या आत साहेब पुढे वाकले. वर्गात अडलेल्या पोराला शेजारचा मदत करतो तशा उत्साहाने म्हणाले, "मंगळवार! सांगा अक्का, मंगळवार."

नर्स थांबली. तिने अक्कांकडे नाही, साहेबांकडे पाहिलं. "सर, आज मंगळवार?"

"म्हणजे काय? आत्ता सकाळीच तर…" साहेब म्हणाले, आणि पुढचं त्यांना सापडेना. ते भिंतीकडे बघू लागले, मग माझ्याकडे, मग हातातल्या पुड्याकडे. चेहरा पार कोरा झाला. नर्स त्यांच्याकडे टक लावून बघत होती. अजून एक प्रश्न विचारला असता तर सगळं तिथल्या तिथे उघडं पडलं असतं.

"त्यांना काय विचारतेस?" अक्का कानडीत म्हणाल्या. "तू यायच्या आधी मीच त्यांना मंगळवार म्हणून सांगितलं. माझ्यावर विश्वास ठेवून बसलेत बिचारे."

नर्सने मान वळवली. अक्कांचा हात हातात घेतला. "अज्जी, आज गुरुवार आहे."

"गुरुवार होय?" अक्का म्हणाल्या.

नर्सने हातातल्या कागदावर तशी नोंद केली. हात थोपटून ती बाहेर गेली. माझा संताप संताप झाला. साहेबांचा आला, अक्कांचा त्याहून जास्त आला, आणि त्या दोघांसमोर मला रडूही येत होतं. शपथ होती म्हणून गप्प राहिले.

साहेबांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परतला. ते स्टूल ओढून अक्कांच्या जवळ सरकले आणि बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "होतं असं कधी कधी, अक्का. मनाला लावून घेऊ नका. मी रोज येऊन तुम्हाला वार सांगत जाईन."

"या की," अक्का म्हणाल्या. "मी इथेच आहे."