हॅम्स्टरचं गाव कुठलं? दांडी ते मनोर, पत्र्याच्या डब्यासकट

आता लोकांना हॅम्स्टर आणायचा म्हटला की आधी पिंजरा बघतात, फिरतं चाक बघतात. सालवडला माझी लेक राहते त्या बिल्डिंगीत एकाने तर त्याच्यासाठी निळी घसरगुंडी आणलीये. आणा बापडे. पण हा प्राणी मुळात कुठला, जमिनीत कसा राहतो हे ज्याला बघायचं असेल त्याने एक दिवस मोकळा काढावा आणि मी गेले त्या रस्त्याने जावं. मी गेले त्याला पन्नासाच्या वर वर्षं झाली. तेव्हा धूळ होती, आता डांबर आहे. बाकी डोंगर तिथेच आहेत.

साल सदुसष्ट की अडुसष्ट, वाद नको. बोईसरकडे अणुवीजघराचं काम जोरात होतं आणि वसाहतीत अमेरिकन इंजिनियर बायकापोरांसकट राहायला आले होते. त्यातल्या एका घरी मी मासळी घालायची. त्यांना काटे काढता येत नसत, म्हणून ओट्याशी बसून काटेही मीच काढायची. त्यांची आठ वर्षांची सुझी शेजारी बसून बघायची. तिच्या मांडीवर टोबी असायचा. टोबी म्हणजे हॅम्स्टर. भाजलेल्या रव्याचा रंग, शेपूट नावाला, आणि गाल म्हणजे दोन पोती. शेंगदाणे टाकले की भरायचा, भरायचा, डोकं अंगापेक्षा मोठं व्हायचं, मग कोपऱ्यात जाऊन सगळं ओकून रचून ठेवायचा.

मे महिन्यात त्यांचं परत जायचं ठरलं. टोबीला नेता येणार नव्हतं. सुझीने बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याला भोकं पाडून, आत चिंधी घालून टोबी माझ्या हातात दिला. रडत होती. म्हणाली, "जमना, टोबी को उसके घर छोड़ना. प्रॉमिस."

मी म्हटलं, "हां, प्रॉमिस. घर किधर है?"

तिची आई म्हणाली, "सिरिया."

मला वाटलं, डहाणूच्या पुढे असेल.

घरी आले तर सासू सुकटीची रास चाळत होती. तिला आम्ही आय म्हणायचो. डब्यात बघून तिने सूप खाली ठेवलं.

"आगो, आपण उंदीर मारून दमलो नि तू डब्यात घालून आणतेस?"

"हा हॅम्स्टर हाय, आय."

"दात दाखव त्याचे. दाखव! उंदीरच हाय. रविवारपर्यंत गेला पायजे. नायतर आपली मांजर हाय."

हे झालं शुक्रवारी. आयची मांजर अंगणात बसून डब्याकडे बघत होती. दोन दिवसांत टोबीचं गाव शोधायचं होतं.

शनिवारी आय नेहमीसारखी पालघरला ताजी मासळी घेऊन निघणार होती, आणि तिथून पुढे मनोरकडच्या एका पाड्यावर सुकट देऊन नागली, म्हणजे नाचणी, आणायला. मीही डबा घेऊन निघाले. दांडीहून सालवडपर्यंत बैलगाडी, पुढे बोईसरपर्यंत खडीच्या लॉरीत. लॉरीवाला म्हणाला, "अम्मा, मछली पीछे रखो, बास आती है." आय म्हणाली, "तुला येते ती डिझेलची." पुढेच बसली. बोईसरला पॅसेंजर धरली. पालघर फार लांब नाही, पण गाडी मधेच थांबली की थांबली. आताही तेच आहे. पाणी घरून न्या.

पालघरला आयने स्टेशनाबाहेर मासळी विकली. दोन पापलेटं पाड्यावरच्या लाडक्याकाकाला द्यायची म्हणून राखून ठेवली आणि त्यांच्यासाठी बर्फाचा मोठा खडा घेतला. बर्फ लाकडाच्या भुशात घालून, पाटीत पापलेटांभोवती लावला. हा बर्फ लक्षात ठेवा.

मी तोवर गुरुजींकडे गेले. यांनीच मला दांडीच्या शाळेत चौथीपर्यंत ओढत नेलं होतं, नंतर त्यांची बदली पालघरला झाली. त्यांच्याकडे जनावरांचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. टोबीला बघून गुरुजी इतके खूश झाले, की बायकोला हाक मारली, चष्मा बदलला आणि पहिल्या पानापासून सुरू केलं.

म्हटलं, "गुरुजी, गाव तेवढं सांगा."

"सांगतो गं, धीर धर." नकाशा पसरला. आपला किनारा, मग अख्खा समुद्र, मग अरबस्तान, त्याच्याही वर बोट नेऊन टेकवलं. "हे हलब. सीरिया देश. याचं मूळ गाव."

एवढ्यात आय मला शोधत आली. तिने बोटाकडे बघितलं आणि म्हणाली, "आपली होडी जायची नाय."

गुरुजींनी वाचून सांगितलं ते असं. तिकडे कोरडं रान, पाऊस बेताचा, गव्हाची शेतं. दिवसा ऊन, रात्री गार. हा प्राणी एकटा राहतो, दुसरा आला की भांडतो. बीळ खोल खणतो. त्यात झोपायची खोली वेगळी, दाण्याची खोली वेगळी. दिवसभर आत, तिन्हीसांजेला बाहेर. पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी एका शास्त्रज्ञाने हलबजवळचं शेत मजुरांकडून खणवलं. आठ फुटांवर एक मादी सापडली, आणि तिची अकरा पोरं. आज जगभर घराघरात जे पिवळे हॅम्स्टर आहेत, ते जवळजवळ सगळे त्या एका बिळातले.

"म्हंजी दांडीसारखंच," आय म्हणाली. "सगळी एकच भावकी."

गुरुजी हसले. पान उलटून म्हणाले, "आता शेवटचा परिच्छेद, हा फार महत्त्वाचा..."

मी डबा उचलला. "यष्टी चुकेल."

"अगं दोन मिनिटं!"

"येताना ऐकते." आणि निघाले. माझं असंच. जे हो-नाहीत सांगता येतं ते पानभर कशाला?

हलब काही जमणार नव्हतं. पण कोरडं रान, दाणा आणि खोल बीळ एवढं तर मनोरच्या बाजूलाही मिळेल असा मी हिशेब केला. लाडक्याकाकाच्या शेतात टोबीला सोडायचं, प्रॉमिस पुरं.

मनोरच्या यष्टीत कंडक्टरने विचारलं, "डब्यात काय?"

"उंदीर."

"मस्करी नको हां, ताई." झाकण उघडून बघितलं, लावलं, आणि मनोर येईपर्यंत तो ड्रायव्हरच्या मागे उभा राहिला.

उन्हाने बसचा पत्रा तापला होता. मला डुलकी लागली. मनोरला उतरलो, पापलेटाची पाटी आयच्या डोक्यावर, सुकटीचं गाठोडं माझ्या. पुढे चालत जायचं होतं. वाटेत एका बाईकडे ताडगोळे मिळाले. मेमध्ये जाल तर ते खा, बाटलीतलं रंगीत पाणी पिऊ नका. पहिला ताडगोळा तोंडात घातला आणि मला आठवलं.

"आय, डबा?"

"पाटीत हाय. तू घोरत होतीस, पत्रा चुलीसारखा तापलेला. बिचारं अंग टाकून पडलं होतं. म्हणून गारव्याला ठेवलं."

"कसल्या गारव्याला?"

"बर्फाच्या! पापलेट टिकतं, मग तुजा उंदीर नाय टिकायचा?"

"पापलेट मेलेलं असतं म्हणून टिकतं, आय!"

पाटी उतरवली. डबा दोन पापलेटांच्या मधे, चारी बाजूंनी बर्फात. आत टोबी गोल होऊन पडला होता. डोळे मिटलेले, पाय पोटाशी. हात लावला तर सुपारीसारखा टणक. फुंकर घातली, हलवला, काही नाही.

मी चिडून रडत होते. पुढची सगळी वाट डबा आयने पदरात धरला होता, आणि पापलेटाची पाटी माझ्या डोक्यावर आली.

लाडक्याकाका वारली म्हातारा, आयच्या बापाच्या वेळेपासून सुकट घेणारा. शेताच्या कडेला बसून राबाची राख सारखी करत होता. पावसाआधी पालापाचोळा, शेण पसरून जाळतात, त्यात मग भाताची रोपं टाकतात, त्याला राब म्हणतात. त्याने आदल्या दिवशी भाजला होता.

डबा बघून त्याने विचारलं, "खायला आणला?"

"नाय रं," आय पुटपुटली. "पुरायचा हाय."

त्याने टोबीला तळहातावर घेतलं, बोटाने गाल ओढून बघितला. "ह्याला पिशवी हाय की! हा कोठारवाला. आमच्या शेतात बी कोठारवाले हायत, बिळात शेरभर भात लपवतात. आमी खणून काढतो." मी खड्ड्यासाठी बांधावरची कुदळ उचलली होती, ती त्याने माझ्या हातातून काढून घेतली. "खड्डा नाय. उंदराला बिळातच ठेवतात. उताणा नको टाकू."

आणि त्याने राबाच्या कडेला बीळ केलं. हातभर खाली, मग एक वळण, एका अंगाला झोपायची जागा, दुसऱ्या अंगाला कोनाडा. पुस्तक न वाचता. माती अजून ऊबदार होती, चूल विझल्यावरच्या राखेसारखी. टोबीला आत ठेवला. आयने कनवटीची मूठभर नागली कोनाड्यात टाकली. "वाटेला लागंल," म्हणाली. डबा बिळाच्या तोंडाशी तसाच राहिला.

कुत्री उकरतील म्हणून वर दगड हवा होता. तो आणायला लाडक्याकाका गेला आणि वाटेत कुणाशी तरी बोलत बसला. बसला तो बसलाच. आम्ही दोघी बिळापाशी. कोरा चहा आला, पिऊन झाला, ऊन उतरलं, तरी दगडाचा पत्ता नाही. मला या गोष्टीचा राग येतो. काम उरकावं आणि उठावं. मी पायाने माती लोटायला लागले.

आयने माझ्या पोटरीवर फटका मारला. "थांब! दगड येऊं दे."

"दगड येईपर्यंत काय तो उठून बसणार हाय?"

"टोब्या," आय बिळात वाकून म्हणाली. तिने त्याला नावाने पहिल्यांदाच हाक मारली. "माजं चुकलं रं."

आतून कुरकुर आवाज आला.

आम्ही एकमेकींकडे बघितलं. पुन्हा आवाज. दात चालल्यासारखा. मग बिळाच्या तोंडाशी आधी मिशा आल्या, मग नाक, मग ही एवढी मोठी दोन पोती. वाटेची नागली गालात.

आय किंचाळली, लाडक्याकाका दगड घेऊन पळत आला, आणि त्या दगडावरच बसून हसायला लागला.

मी डोळे पुसले. म्हटलं, चला, झालं. कोरडं शेत आहे, बीळ आहे, दाणा आहे, तिन्हीसांज आहे. हलब आणखी काय वेगळं असणार? "सोडून देऊ. हेच त्याचं घर."

"घुबड हाय," लाडक्याकाका म्हणाला. "आन् पाऊस आला की बीळ भरंल. पण थांब. बघ तो काय करतो."

टोबी थोडा झिंगल्यासारखा चालत होता. राख हुंगली, आयचं पाऊल हुंगलं. मग सरळ आडव्या पडलेल्या डब्यात शिरला. कोपऱ्यात चिंधीखाली गाल दाबून सगळी नागली रिकामी केली. परत बिळात गेला, उरलेली भरली, परत डब्यात. तीन खेपा केल्या. मग चिंधी अंगावर ओढून घेतली.

लाडक्याकाकाने डब्याकडे बोट दाखवलं. "दाणा न्हेतो तिथं घर. उंदराचा कायदा."

आयने झाकण लावलं. "चल. मांजरीचं मी बघतें."

रात्री पाड्यावर भाकरी आणि पापलेट खाल्लं. पापलेट एकदम ताजं होतं. पाड्याचं नाव लिहीत नाही, उगाच गर्दी कराल.

रविवारी परतताना गुरुजींकडे थांबलो. सगळं ऐकून त्यांनी पुस्तक आपटलं. "तोच शेवटचा परिच्छेद! फार गारठला की हा मेल्यासारखा टणक होतो, श्वाससुद्धा कळत नाही. ऊब दिली की उठतो. तेच सांगत होतो तुला!"

"मग पहिल्यांदा तेच वाचायचं," मी म्हटलं. पण त्या दिवशी बसून सगळं ऐकलं. आयने तर दोनदा वाचायला लावलं.

घरी आयने तोंड फुटलेला रांजण काढला, त्यात कंबरेएवढी कोरडी माती भरली, रांजण ठेवला त्या खोलीतून बर्फाची पाटी कायमची बाहेर काढली. टोबीने त्यात वळणाचं बीळ केलं, एका अंगाला झोपायची जागा, दुसऱ्या अंगाला कोठार. कोठारात नागली आणि सुका जवळा. पुढचे दोन पावसाळे तो तिथे राहिला. मांजर शेजारी राहायला गेली. हॅम्स्टर पाळणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच की चाक नसलं तरी चालेल, खणायला माती द्या. आणि एसीखाली ठेवू नका. ठेवलात आणि टणक झाला, तर दगड आणायची घाई करू नका.

त्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला अमेरिकेहून सुझीचं कार्ड आलं. गुरुजींनी वाचलं. विचारत होती, टोबी घरी पोचला का?

गुरुजींनी दौत उघडली, चष्मा बदलला, दोन कागद पुढे ओढले. हलबपासून सुरुवात करणार होते.

मी म्हटलं, "एकच शब्द लिहा, गुरुजी. पोचला."