तळ्याकाठचं गाव आणि आमचं न झोपणारं बाळ

जुन्नरला रोज काहीतरी घडतं, त्यामुळे त्याचा किस्सा होत नाही. कुणाच्या गोठ्यात बिबट्या शिरला, कुणाचा टेम्पो बेल्ह्याच्या बाजारातून येताना कलंडला. ऐकायचं आणि परत भाजी चिरायला लागायचं. फिनलंडच्या ज्या गावात आम्ही एक उन्हाळा काढला, तिथे काहीच घडत नव्हतं. मग आम्ही जे करू त्याचाच किस्सा व्हायचा. परत आल्यापासून मैत्रिणी एकेक काढून घेतायत. एक सांगायला घेतला की त्याचं शेपूट धरून दुसरा येतोच.

गावाचं नाव लिहीत नाही, कारण मला ते अजून धड म्हणता येत नाही. एक मोठं तळं, काठाने लाकडी घरं, एक चर्च, एक कॅफे. अमोलला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, कंपनीने उन्हाळ्यापुरतं तिकडे पाठवलं होतं. बरोबर मी, आठ महिन्यांचा शंभू आणि सासूबाई. शंभू फक्त खांद्यावर झोपायचा. खाली ठेवला की डोळे टक्क. आणि मी अशी, की तो चुकून झोपलाच तर त्याच्या नाकाशी बोट धरून बसायची. थोडक्यात, आठ महिने मी झोपले नव्हते. पुढचं सगळं एका अर्धवट जाग्या बाईने पाहिलेलं आहे, तेव्हा इकडचं तिकडे झालं तर सांभाळून घ्या.

*

आम्ही पोचलो तो रविवार होता. रस्त्यावर माणूस नाही, दुकानं बंद, कुत्रंसुद्धा भुंकत नाही. सासूबाईंनी डोक्यावर पदर घेतला आणि हळूच विचारलं, "गावात कोन गेलंय का रं?"

अमोल म्हणाला, "नाही गं आई, इथे असंच असतं."

त्यांना पटलं नाही. दिवसभर त्यांनी आम्हाला मोबाइलचा आवाज वाढवू दिला नाही, संध्याकाळी गोडाचा शिरासुद्धा रद्द केला. पुढे आठवडा गेला तरी गाव तेवढंच गप्प. तेव्हा त्यांनी अमोलला बाजूला घेतलं. "दहावा कधी हाय, त्येवढं इचारून घे. आपल्याला जायला पायजे."

*

शेजारी रायमो नावाचे आजोबा एकटेच राहायचे. उंच, गोरेपान, आणि बोलणं म्हणजे सकाळी एक "हो" आणि संध्याकाळी जमलं तर एक "नाही". सासूबाई त्यांना "पावणं" म्हणायच्या.

"आई, पाहुणे आपण आहोत," अमोल म्हणायचा.

"आसू दे. बोलत न्हाईत, हालत न्हाईत, नव्या जावयागत बसत्यात. पावणंच म्हनायचं."

रोज सकाळी कुंपणापाशी उभ्या राहून त्या मराठीत बोलायच्या: गुडघे, कांद्याचा भाव, धाकट्या जावेचं वागणं. ते ऐकायचे. शेवटी मान हलवून आत जायचे. सासूबाई मला म्हणाल्या, "लई समजूतदार मानूस. जावेचं सांगितलं तर लगीच पटलं त्यांना."

*

तिन्हीसांजेला दिवा लावायचा, हा नेम. पण तिन्हीसांज होईचना. आम्ही जेवलो, भांडी झाली, सासूबाई वात हातात घेऊन खिडकीशी बसलेल्या, आणि बाहेर लख्ख ऊन. दोन दिवस त्यांनी वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी बहिणीला फोन लावला, "तुमच्याकडं लावला का दिवा? लावला? मग मी बी लावते."

जुन्नरचं घड्याळ अडीच तास पुढे, त्यामुळे तेव्हापासून रोज दुपारच्या चहाच्या वेळेला आमच्याकडे जुन्नरची दिवेलागण व्हायची. शंभूला अंगाईही त्याच हिशोबाने. तो अर्थातच झोपायचा नाही. मी म्हणायचे, "बघा, त्यालाही कळतंय." सासूबाई म्हणायच्या, "त्याला काय कळतंय? तूच जागी ऱ्हातीस, म्हनून त्योबी ऱ्हातोय." हे मला लागायचं. लागायचं, कारण खरं असावं अशी शंका होती.

*

आता बाबागाडीचा किस्सा.

कॅफेच्या बाहेर, भिंतीशी, एक बाबागाडी. आत दुलईत गुंडाळलेलं बाळ, गाढ झोपलेलं. जवळपास चिटपाखरू नाही. मी काचेतून पाहिलं तर बाळाची आई आत निवांत कॉफी पीत बसलेली.

आमच्याकडे अंधार पडायच्या आत पोरं घरात घेतात. घराला लागून ऊस, आणि उसात बिबट्या. ही आमच्यासाठी बातमी नाही, रीत आहे. सासूबाईंनी छत्री उलटी धरली, मूठ वर केली आणि गाडीच्या पुढ्यात उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "आई, इथे नसतात बिबटे."

"त्याला काय ठावं, इथं न्हाई जायचं म्हनून?"

बाळाची आई बाहेर आली, तेव्हा सासूबाईंनी तिला धरलंच. "पोटची पोर हाय न्हवं? मग उघड्यावर टाकून चा पीत बसतीस?" ती बिचारी छान हसली. तिला वाटलं, आजी बाळाला आशीर्वाद देतायत. मग मला राहवेना. मी इंग्रजीत समजावलं की आमच्या गावाकडे बिबट्या येतो, म्हणून असं.

ती विचारात पडली. "नेहमी येतो?"

"ऊस उभा असला की."

तिने रस्त्याकडे पाहिलं, तळ्यापलीकडच्या झाडांकडे पाहिलं. मग आत जाऊन दुसरी कॉफी घेतली, आणि बसण्याआधी बाहेर येऊन बाबागाडी वीतभर काचेजवळ ओढली.

*

सॉनाचा, म्हणजे कपडे उतरवून घ्यायच्या तिथल्या वाफेच्या अंघोळीचा, किस्सा सगळ्या विचारतात. तो सांगायचा नाही. सासूबाईंनी ओझरच्या गणपतीची शपथ घातलीय. एवढंच सांगते, की त्यानंतर त्या दोनदा आपणहून गेल्या.

*

तिथे कुणाच्याही रानात जाऊन कुणीही बोरांएवढी निळी फळं तोडावीत, अशी पद्धत. अमोलने हे सांगितलं तेव्हा सासूबाईंना वाटलं, पोरगं बिघडलं. बांधावरच्या जांभळापायी आमच्या भावकीत दोन घरं एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत!

तरी आम्ही गेलो. शंभू माझ्या पाठीला बांधलेला. सासूबाई एक फळ तोडायच्या, पदराआड लपवायच्या, चारी बाजूंना बघायच्या. इतक्यात झाडीत पाऊल वाजलं. "आला मालक," म्हणत त्यांनी मला ओढलं आणि आम्ही एका झाडामागे दडलो. बराच वेळ गेला तरी कोणी येईना. मी डोकं बाहेर काढलं, तर समोरच्या झाडामागून अगदी तसंच एक डोकं बाहेर आलेलं.

रायमो आजोबा! हातात भरलेली बादली. तिकडची माणसं म्हणे आपली फळांची जागा सख्ख्या भावालाही दाखवत नाहीत. आम्ही मालकाला घाबरून लपलो होतो आणि ते आम्हाला.

सासूबाई बादलीत डोकावल्या. "पावणं, येवढं एकट्यानं खानार व्हय?"

ते म्हणाले, "हो."

*

शंभूच्या लसीला गेलो तर नर्सने विचारलं, "बाळ कुठे झोपतं?"

"माझ्या अंगावर."

"आणि तू?"

तिथली माणसं प्रश्न विचारून गप्प बसतात, आणि उत्तर येईपर्यंत गप्पच राहतात. ती शांतता मला सोसवत नाही. मी बोलत सुटले. नाकाशी धरायचं बोट, गूगलवर वाचलेले सगळे रोग, आई म्हणून आपल्याला जमत नाहीये ही खात्री, सासूबाईंचे गुडघे. सगळं तिच्यापुढे ओतलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "बाहेर झोपव."

"बाहेर म्हणजे?"

"बाहेर."

घरी सांगितलं. अमोलला पटलं. सासूबाई म्हणाल्या, "बिबट्या नसंल, पन तळं हाय की, पाखरं हायत की." मला त्यांचं सगळं पटलं आणि नर्सचंही सगळं पटलं. माझं हे असंच असतं. पुढे दोन आठवडे रोज ठरवायचं आणि रोज पुढे ढकलायचं. एकदा दुपारी मी शंभूला खांद्यावर घेऊन अंगणात फेऱ्या घालत होते, तर चालता चालताच डोळा लागला आणि कुंपणावर आदळले. पोराला काही झालं नाही. पण सासूबाईंनी पाहिलं होतं. त्या थेट रायमोंच्या दारात गेल्या, हाताने पाळण्याची खूण केली. थोड्या वेळाने आजोबा शेडमधून नातवाची जुनी बाबागाडी ढकलत आले. चाकं पुसलेली होती.

*

तर तो दिवस.

बाबागाडी अंगणात, खिडकीतून दिसेल अशी. शंभू आत, नाक तेवढं बाहेर. वारा होता, पानं हलत होती. त्याने ती थोडा वेळ पाहिली आणि झोपला. खाली. एकटा. मी पायरीवर बसून श्वास मोजत राहिले.

सासूबाई म्हणाल्या, "आत जा. च्या टाक. मी बसते."

मी आत गेले. चहा टाकायच्या आधी म्हटलं, मिनिटभर कोचावर टेकावं.

डोळे उघडले तेव्हा अंगावर चादर होती. घर चिडीचूप. स्वयंपाकघरात सासूबाई कणीक मळत होत्या.

"आई! शंभू?"

"भायेर हाय."

"बाहेर कोण आहे?"

"पावणं हायत."

मी अनवाणीच धावले. बाबागाडी जागेवर नव्हती. ऊन फिरलं होतं, तशी ती झाडाच्या सावलीत नेलेली होती. शेजारी बाकावर रायमो आजोबा, एक हात दांडीवर. शंभू टक्क जागा. दोघं एकमेकांकडे बघत होते आणि दोघंही गप्प.

मी सुरू झाले. सॉरी, माफ करा, डोळा कधी लागला कळलंच नाही, तुम्हाला उगाच त्रास, मी अशी नाहीये, म्हणजे आहे, पण. त्यांनी माझं सगळं संपू दिलं. मग सावकाश, शब्द जुळवत, इंग्रजीत म्हणाले, "तो मघाशी उठला. मी त्याला सांगितलं, आई झोपली आहे."

अख्ख्या उन्हाळ्यात मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं हे सगळ्यात लांब बोलणं.

खिडकीतून सासूबाईंचं डोकं बाहेर आलं, हात कणकेने भरलेले. "काय म्हनत्यात गं पावणं?"

मी सांगितलं.

"मंग?" त्या म्हणाल्या, "उठलीस कशाला?" आणि कोपराने खिडकी लावून घेतली.