नायिकेचा नवस

सोमवारी सकाळी माझी बायको गेली. संध्याकाळपर्यंत सगळं उरकलं. मंगळवारी मी उठलो आणि चहा केला.

तिच्याविषयी लिहायला बसलो की मला आदल्या वर्षी पाहिलेला एक उर्दू सिनेमा आठवतो. वसमतच्या घरात आम्ही दोघंच, मूल नव्हतं. मी ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालेलो, सूफी काव्यावरची पुस्तकं वाचत बसायचो, म्हणून तो सिनेमा मीच शोधून टीव्हीवर लावला. कव्वाली गाणारा मुलगा आपल्याला मिळावा म्हणून नायिका दर्ग्याच्या जाळीला धागा बांधते. मग ताटातूट, रडारड आणि शेवटी लग्न. मी मधूनमधून समजावत होतो, "इथे प्रियकर म्हणजे देव, बरं का."

"मंग लग्न देवाशी लागलं का तिचं? त्या पोराशीच लागलं ना? गप बघू द्या."

पडद्यावर नावं यायला लागली तशी ती उठून टीव्हीसमोर उभी राहिली.

"संपला?"

"संपला."

"आन् नवस? फेडायला गेलीच न्हाई की ती! मलीदा न्हाई, काई न्हाई."

"दिग्दर्शक विसरला असेल."

"इसरला तो, आन् भोगायचं पोरीनं?"

मला हसू आवरेना. ती मात्र जेवताना तेच, भांडी घासताना तेच. नवस न फेडता मांडलेला संसार टिकायचा कसा, हा घोर तिला खरोखरच लागला होता.

"आवं, काहून हसून राहिले? लोकाचं असलं तरी लेकरूच हाय ते. आपुन फेडू."

गुरुवारी तिनं गरम पोळ्या गूळ-तुपात कुस्करून मलीदा केला, डबा भरला आणि आम्ही जवळा बाजारची एसटी धरली. वाटेत एका शेताच्या कडेला दर्गा आहे, तिथे उतरलो. पलीकडे हळद शिजत होती. मुजावरांनी विचारलं तर काय सांगायचं, या धास्तीनं मी मागे मागे राहिलो. त्यांनी विचारलंच.

"नवस कुणाचा, आपा?"

"एका पोरीचा. लांब असते. तिच्यानं येणं व्हत न्हाई."

"काय मागितलं होतं?"

"नवरा."

"मिळाला?"

"मिळाला की! गातो लई गोड."

"गातो ते बराबर. कमावतो काय?"

ती अडकली. सिनेमात ते दाखवलंच नव्हतं. "बघून काय राहिले? सांगा की," ती माझ्यावर खेकसली.

"गाण्यातच कमावतो," मी म्हणालो.

"मग अजून एक नवस बोलून ठेवा," मुजावर म्हणाले, आणि आम्ही तिघंही हसत सुटलो. हसू ओसरल्यावर त्यांनी डोळे मिटून फातिहा पढला, मुलीच्या सुखासाठी दुआ मागितली आणि मलीदा सगळ्यांना वाटला.

परतीच्या एसटीत तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. चारचौघांत असं तिनं कधी केलं नव्हतं. "आता नांदंल सुखानं," ती म्हणाली आणि झोपली.

मी अजूनही एखाद्या गुरुवारी तिथे जातो. मुजावर सतरंजी टाकतात, चहा मागवतात. ते मला मुलीचा बाप समजतात. मी ते तसंच राहू दिलं आहे.