येत्ये किनई

मी मूळची भूगोलाची शिक्षिका. ग्रहण लागलं की पोरांना मैदानात नेऊन दाखवायची, आणि "बाई, ग्रहणात खाल्लं तर बाधतं" असं कुणी म्हणालं की मुद्दाम त्याच्यासमोर शेंगदाण्याचा लाडू खायची. त्यामुळे इथले भुताखेतांचे अनुभव मी आजवर वाचत आले ते चहाबरोबर तोंडी लावायला... विश्वासबिश्वास काही नाही. माझ्या मोठ्या नणंदबाई सुलूताई, त्यांना चौकात लिंबू दिसलं तरी घाम फुटतो. त्यांची मी भरपूर टिंगल केलीय. आता त्या माझी करतात. करू देत. पण जे झालं ते दिवसाढवळ्या झालं, आणि माझ्या एकटीच्याच कानांनी ऐकलं असंही नाही.

जागा नीट सांगते. वॉशिंग्टन राज्यातलं बेलव्ह्यू, जिथे दर दुसऱ्या घरात कुणीतरी पुण्याचं नाहीतर हैदराबादचं. आमच्या गल्लीत मात्र मराठी आम्हीच. आमचं घर भाड्याचं, उतारावरच्या रांगेतलं शेवटचं. मागे बैठकीच्या खोलीएवढं अंगण आणि तिन्ही बाजूंनी माणसाहून उंच लाकडी कुंपण. त्याला फाटक नाही. अंगणात जायचा रस्ता एकच, आमच्या स्वयंपाकघराचं सरकतं काचेचं दार. एवढं लक्षात ठेवा.

मार्चअखेरीला माझ्या नवऱ्याची, नितीनची, नोकरी गेली. व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली की साधारण दोन महिने मिळतात. तेवढ्यात दुसरी मिळवा, नाहीतर चंबूगबाळं आवरा. आमची सई दहावीत. दोन वर्षांची असताना अमेरिकेत आलेली. मराठी समजतं थोडंफार, बोलत नाही. तिला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "यू कीप सेइंग गो बॅक. बॅक टू व्हॉट, आई?" मी भांडी घासायला लागले. नितीन दिवसभर इंटरव्ह्यू द्यायचा, मी घरात मांजरासारखी पावलं टाकायची, आणि फोन वाजला की तिघंही त्याच्याकडे वळायचो.

मी डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे नोकरीची परवानगी नाही. पुढेमागे शिकवता आलं तर क्रेडिट उपयोगी पडतील म्हणून जवळच्या कम्युनिटी कॉलेजात एक कोर्स घेतला होता, नाव हे एवढं लांब — 'रेस, एथ्निसिटी अँड मल्टिकल्चरलिझम इन अमेरिकन सोसायटी'. नितीनचं म्हणणं, "आपल्या जातीपाती पुरल्या नाहीत का तुला?" पण खरं सांगू? पहिल्याच तासाला 'व्हेअर आर यू रिअली फ्रॉम' या प्रश्नावर चर्चा झाली, आणि मला आमच्या आळीतल्या बायका आठवल्या. "आडनाव काय म्हणालात?" असं विचारून पुढच्याला कुठे बसवायचं ते ठरवणाऱ्या. प्रश्न तोच की! मी ते वर्गात सांगितलं. माझ्या शेजारी बसणारी नेओमी खूप हसली. नेओमी सत्तरीची, रिटायर्ड नर्स, आजी-आजोबा जपानहून आलेले, हिचा जन्म अमेरिकेतलाच. अजूनही लोक तिला म्हणतात, "युअर इंग्लिश इज सो गुड!"

तर, एप्रिलमधली सकाळ. मी अंगणात मेथी पेरत होते. मान वर केली तर कुंपणाशी एक बाई उकिडव्या बसलेल्या. लहानखुऱ्या, डोक्याला फडकं आणि त्यावर गवती हॅट. तोंड खाली, त्यामुळे चेहरा काही दिसेना. मला वाटलं, कुणाच्या तरी आई किंवा सासूबाई असणार. उन्हाळा जवळ आला की बेलव्ह्यूत असे आईवडील येतातच, आणि कंटाळले की दुसऱ्यांच्या बागा बघत फिरतात. शिवाय ती बैठक! अमेरिकन माणूस तसा उकिडवा बसत नाही, गुडघे मोडले तरी.

कुंपणाच्या कडेला एक जंगली वाटणारं रोप होतं, मी तण समजून दोनदा उपटलेलं. त्या बाई त्याचा लांब दांडा हलकेच ओढून, जिथे गाठ असते तिथे मातीत दाबून वर खडा ठेवत होत्या. तेव्हा कुठे मला कळलं की ती स्ट्रॉबेरी आहे. माझा मामा पाचगणीजवळचा, स्ट्रॉबेरीवाला. मामी अगदी अश्शीच हे दांडे, म्हणजे रनर, दाबते, त्यांतून फुटणाऱ्या रोपांना पिल्लं म्हणते. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

बाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या, जराशा वाकल्या आणि म्हणाल्या, "येत्ये किनई..."

शेवटचा शब्द पुटपुटल्यासारखा होता. पण 'येत्ये' मी स्पष्ट ऐकलं. रत्नागिरीकडच्या! आपल्यात कुणी 'येते' म्हणालं की तोंडातून आपोआप जे निघतं तेच माझ्या निघालं, "या हं!" नळ बंद करायला वळले आणि परत बघते तो त्या नव्हत्या.

मी नितीनला आनंदाने सांगायला गेले. तो लॅपटॉप मिटून बसला होता. ज्या कंपनीवर आमची सगळी भिस्त होती तिने नाही म्हणून कळवलं होतं. त्या गडबडीत फाटक नसलेल्या अंगणात कोकणातल्या काकू आल्या कुठून, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. सकाळचं ऊन, हॅट, खडे. या वेळी मी विचारलं, "काकू, कोणाकडे उतरलायत?" त्या उठल्या, वाकल्या, "येत्ये किनई..." आणि मी बावळटासारखं पुन्हा "या हं!" मग मात्र चमकले. धावत कुंपणाशी गेले. एकेक फळी ढकलून पाहिली. एकही हलेना. बेलव्ह्यूच्या मराठी ग्रुपवर विचारलं, आमच्या भागात कुणाकडे पाहुण्या आल्यात का? कुणाकडेच नव्हत्या. आणि त्याच दुपारी नितीनला दुसरा नकार.

आता मला सांगा, तुम्ही काय समजला असतात? माझ्या मनाने घेतलं की ही बाई आली की आमचं काहीतरी जातं. ही आम्हाला घालवायला आलीय. रोज सकाळी काचेतून बघायची, खड्यांची रांग कुंपणाकडून आमच्या दाराकडे सरकत होती. मी खडे उचलले नाहीत. खोटं कशाला सांगू, हात लावायची हिंमत नव्हती.

सईला मी अक्षरही बोलले नव्हते. एक दिवस शाळेतून आली, सरकत्या दारातून अंगणात डोकावली आणि दप्तर टाकत म्हणाली, "हू'ज दॅट ग्रँडमा इन द बॅक? शी बाउड ॲट मी." आणि तिने वाकून दाखवलं.

मी उलथनं हातात घेऊनच दाराशी धावले, अंगण रिकामं. "काय म्हणाली ती?"

"आय डोन्ट नो... समथिंग लाइक, इत्ते-कि-मास?"

"येत्ये किनई म्हणाली असेल."

"नो, आई. इत्तेकिमास. आय हर्ड इट."

सुलूताईंना फोन केला. मी! त्या म्हणाल्या, "दहीभात ओवाळून ठेव कुंपणाशी, मागे वळून बघू नकोस." ठेवला हो. नितीनने नेमकं पाहिलं. "अगं, ग्रहणातला लाडू आठवतोय का?" असं म्हणाला, पण हसला नाही. सकाळी ताटली उपडी. रकून नावाच्या चोरट्या प्राण्याने भात चाटूनपुसून खाल्ला होता. खडे जागच्या जागी.

मे महिन्यात वर्गात दुसऱ्या महायुद्धाचा भाग आला. जपानी वंशाच्या लोकांना, अगदी अमेरिकेतच जन्मलेल्या नागरिकांनासुद्धा, शत्रू समजून घरांतून काढून छावण्यांत ठेवलं होतं. सोबत न्यायचं ते हातात उचलता येईल तेवढंच. प्रोफेसर म्हणाल्या, प्रत्येकाने एक वस्तू सांगा, तुम्ही काय घ्याल? कुणी गिटार म्हणालं, कुणी कुत्रा. माझी पाळी आली. घरी बॅगा माळ्यावरून काढून ठेवल्या होत्या मी. "सॉरी" म्हणून बाहेर आले आणि कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून रडले.

नेओमी मागोमाग आली. मी सगळं सांगितलं, नोकरीचं, सईचं. आणि लगेच म्हणाले, "आमची तुलना नाही हं तुमच्याशी. आम्हाला कुणी बंदुका दाखवून नेत नाहीये." ती म्हणाली, "नाही, तुलना नाहीच. पण अशी बॅग भरणं आमच्या घरात ओळखीचं आहे." मग विचारलं, राहतेस कुठे? मी रस्ता सांगितला.

"तो सगळा उतार स्ट्रॉबेरीचा होता," नेओमी म्हणाली. "आमच्या लोकांनी झाडांची खोडं उपटून जमीन केली होती. नेलं तेव्हा फळ धरलं होतं. तोडणीच्या तोंडावर नेलं."

मी तिला ती बाई, खडे, रनर सगळं सांगितलं. म्हटलं, "ती आमच्यासारखं बोलते. आम्ही निघताना 'जाते' म्हणत नाही, अशुभ वाटतं. 'येते' म्हणतो. तीही तेच म्हणते."

"नीट म्हणून दाखव."

मी 'येत्ये किनई' म्हटलं. मग सईचं आठवलं. "माझी मुलगी म्हणते, इत्तेकिमास."

नेओमीने माझं मनगट धरलं. "हे जपानी आहे. घरातून निघताना म्हणतात. अर्थ... जाऊन येते." मग म्हणाली, "आणि घरात जो राहतो तो म्हणतो, जा आणि परत ये. तू काय म्हणालीस तिला?"

"या हं," मी म्हटलं. "म्हणजे... परत या."

मी भीत भीत विचारलं, "तुझी आजी असेल का?" ती हसली, डोळे पुसत. "माझी आजी उंच होती. आणि परत आल्यावर तिने स्ट्रॉबेरी कधी घरात येऊ दिली नाही. ही ती नाही. पण गं, कितीतरी जणी होत्या."

त्या दिवसानंतर मला तिची भीती वाटेनाशी झाली. उलट रोज वाट बघायची. ती आली नाही. भीती राहिली ती कॅलेंडरची. नितीनला नोकरी मिळाली नाही. शेवटच्या दिवसापर्यंत इंटरव्ह्यू देत होता बिचारा, आणि शेवटच्या दिवशीही शर्टाला इस्त्री करून बसला होता. मी खडे बाजूला करून मुळं धरलेली पिल्लं कागदी कपांत काढली आणि नेओमीला दिली. एक रोप तिथेच ठेवलं. त्याला चिमुकली स्ट्रॉबेरी लागली होती, आतपर्यंत लाल होणारी, दुकानातल्या फुगलेल्या बोंडांसारखी नव्हे. सई म्हणाली, "डोन्ट पिक इट." नाही तोडली.

निघायची सकाळ. टॅक्सी दारात, नितीन बॅगा चढवत होता. सई ओट्याला टेकून मान खाली घालून उभी. मी सरकतं दार लावायला गेले. अंगण रिकामं होतं, ऊन पडलं होतं. आपण उंबरा ओलांडताना म्हणतो तसं मी म्हटलं, कुणाला ते मला माहीत नाही, पण म्हटलं, "येते हं."

आणि बाहेरून, कुंपणाच्या बाजूने, उत्तर आलं.

"या हं!"

जपानी नव्हे. मराठी. 'हं' जरा ओढलेला, मी ओढते तसाच.

मागून सई म्हणाली, "आई... हू सेड दॅट?"

"तू काय ऐकलंस?"

"या हं. लाइक यू से इट. बट फ्रॉम आउटसाइड." मग ती पुढे आली, काचेला हात लावला आणि त्या पोरीने, जिने मला कधी मराठीत उत्तर दिलं नाही, तिने हळूच म्हटलं, "येते."

आता आम्ही पुण्यात आहोत. नितीनला इथे नोकरी आहे. परत जाणं होईल की नाही, ठाऊक नाही. सई अजून रुळतेय, शाळेत तिला विचारतात, "तू मूळची कुठली?" आणि ती मला म्हणते, बघ, सेम क्वेश्चन. नेओमीच्या गॅलरीत पिल्लं फुललीत, फोटो पाठवते.

खुलासा माझ्याकडे नाही. मी खूप शोधला, सवयच आहे. ताणाने भास होतात म्हणावं, तर सईला माझं काहीच माहीत नव्हतं तेव्हा तिने ते शब्द ऐकले. निघतानाच्या आवाजाबद्दल नितीन म्हणतो, शेजारची कुणी असेल. असेल. मी त्याला एवढंच विचारते, त्या गल्लीत मराठी बोलणारं दुसरं कुणी नव्हतं, मग तिला 'या हं' शिकवलं कुणी?

तो लॅपटॉप उघडतो. उत्तर मला त्याच्याकडून नकोच असतं. कारण शिकवलं मीच होतं.